एक चाचणी वगळली

दुपारचे दोन वाजले होते आणि चारच्या आत काम उरकलं नाही, तर वरच्या मजल्यावरची डायलिसिसची यंत्रं बंद पडणार होती. ज्या प्रोग्रॅमवर ती चालत, तो संगणकभाषेच्या अकरा वर्षांपूर्वीच्या आवृत्तीत लिहिलेला. चार वाजता यंत्रांची कंपनी त्या आवृत्तीला कायमचा रामराम ठोकणार होती. नोटीस वर्षभर कुणाच्या तरी टेबलावर झोपा काढत पडली. खापर मात्र फुटणार होतं तळघरातल्या प्रोग्रॅमरबाईंच्या डोक्यावर.

खापराचं तिला काही नव्हतं. पण चारच्या पाळीत आठ नंबरच्या खुर्चीवर तिचा धाकटा भाऊ बसायचा. चार वर्षं झाली, त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी. परवाची पाळी चुकलेली. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. आजचीही चुकली तर काय होईल, हे डॉक्टरांनी तिला सकाळी बाजूला घेऊन सांगितलं होतं.

नवी आवृत्ती मुकाट चढली. मग जुन्या लायब्रऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले, प्रोग्रॅमने उसने घेतलेले तुकडे, एकेक बदलायचे. चाळीस बदलले. एकेचाळिसावा भलताच चिवट: ना कर्त्याचं नाव, ना नवी आवृत्ती. अवघ्या बारा ओळी, आणि त्या काय करतात ते काही केल्या कळेना. कुठे वापरलेलाही दिसेना, म्हणून तिने तो काढून टाकला आणि प्रोग्रॅम नीट चालतो का ते तपासणाऱ्या चाचण्या लावल्या. तीनशे बारा पास, एक नापास.

रुग्ण चोवीस हवेत, मिळाले तेवीस.

गळलेला नेमका तिचा भाऊ. तिने त्याची नोंद हाताने भरली, तरी तेवीसच. पुन्हा भरली. तेवीस. शेवटी तिने ती चाचणीच उघडून वाचली. भावाची जन्मतारीख, रक्तगट, खुर्ची, सगळं त्यात लिहिलेलं होतं. फाइलची तारीख अकरा वर्षांपूर्वीची. तेव्हा तो कॉलेजच्या संघात फुटबॉल खेळत होता, साधं पडसंही होत नसे त्याला.

तिने ती तारीख पुन्हा एकदा वाचली. पण साडेतीन वाजून गेले होते. घाईला आलेला कुठलाही प्रोग्रॅमर करतो तेच पाप तिने केलं. नापास चाचणी वगळली, उद्या बघू म्हणाली. पडदा हिरवा झाला.

तिने वर फोन लावला. यंत्रं छान चालू झाली, सिस्टर खूश होत्या. भावाला बसवलंत ना, असं तिने त्यांना विचारलं.

"आठ नंबरवर? तिथे कधीच कोणी नसतं, मॅडम."

ती जिने चढत धावली. आठव्या खुर्चीवर प्लॅस्टिक होतं आणि प्लॅस्टिकवर बोटभर धूळ. भावाला फोन लावला. असा नंबरच नव्हता. मग आईला लावला.

"कुणाचा भाऊ गं?" आईने शांतपणे विचारलं.

खाली येऊन तिने सगळं उलटं फिरवलं. जुनी आवृत्ती, जुने तुकडे, त्या बारा ओळी, ती चाचणी. बाकीच्यांची पाळी आपल्या हाताने चुकणार, हे तिला कळत होतं. कळत असूनही तिने बटण दाबलं. जन्मात कधी देवापुढे हात न जोडलेली बाई पडद्यापुढे हात जोडून बसली.

चोवीसपैकी चोवीस.

ती वर आली.

तो होता.

आठव्या खुर्चीवर, पाय हलवत. पायांना सूज नव्हती. दंडावर सुयांची एकही खूण नव्हती. केस दाट, कॉलेजात असायचे तसे कानांवर आलेले.

तिला रडूच कोसळलं.

"मला काय धाड भरलीये, ताई?" तो हसला. "आणि तू एवढी थकलेली का दिसतेस?"

मग तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत तो चटकन उठला.

"या बाबा, बसा इथे. गाडी लावायला जागा मिळाली का?"

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. भावाने सरकून वाट दिली, आणि रिकाम्या खुर्चीचं रेक्झिन हळूहळू खाली दबलं.