मेंढ्याला साखळी, गाडीला सुतळी

"शी! शी! शी! रीम, बघ ना, पुन्हा माझ्याच चपलेवर!" अनीर एका पायावर उड्या मारत ओरडला.

"मग चप्पल बोळात काढतोस कशाला?" त्याच्या बहिणीनं, रीमनं, ओढणी नाकाला लावली. "लेंड्या झटक, चप्पल धू आणि गप्प बस!"

वर्षभर त्या बोळात आईची दुचाकी गाडी असायची. दारातून आत शिरलं की लगेच वळणारा, थंडगार, अंधारा बोळ. रात्री गाडी आत, सकाळी बाहेर. मराकेशच्या जुन्या शहरात गाडी अशीच सांभाळतात, कारण गल्लीत सोडलेली गाडी सकाळी असेलच, याची खात्री कुणी देत नाही. पण मोठी ईद, म्हणजे बकरी ईद, चार दिवसांवर आली की सगळं उलटं! दर्ब नखला गल्लीतल्या प्रत्येक घराच्या बोळात मेंढा येतो आणि गाड्या बाहेर जातात. घरभर वास, पायरीवर मूत, सुट्टीच्या दिवशी पहाटे पाचला 'बँऽऽ'! आणि यंदा तर इद्रीसमामानं कहरच केला होता.

आईनं गाडीसाठी बोटाएवढ्या जाडीची पोलादी साखळी आणि पितळी कुलूप आणलं होतं. मामानं ते मेंढ्याला घातलं!

"आणि गाडीला?" रीमनं काल विचारलं होतं.

"गाडीला सुतळी बांधली की खिडकीच्या गजाला. चांगल्या तीन गाठी मारल्यात!"

"मामा, सुतळी? चोर आला तर?"

"अगं वेडे, ईदेला चोर काय गाडी भाजून खाणार आहे? तो मेंढाच नेणार!" आणि मामा स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसला. गाडीच्या पेट्रोलचा कॉक महिनाभर ठिबकत होता. तोही "उद्या बघतो" म्हणून तसाच राहिला होता. मामाचा उद्या कधी उजाडला आहे का!

अनीर चप्पल धूत होता तेवढ्यात आई औषधांची पिशवी घेऊन बाहेर पडली. गल्ली तिला बतूलबाई म्हणायची; ती अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना घरोघर जाऊन इंजेक्शन द्यायची. साडेदहाला पहिली आजी वाट बघत असायची.

"रीम! गाडी कुठाय?"

खिडकीच्या गजाला सुतळी लोंबत होती. तीन गाठी शाबूत, खाली टोक सफाईनं कापलेलं.

पाच मिनिटांत सगळी गल्ली दारात जमली. सगळ्यांच्या पुढे हाजी तहामी. गल्लीचे पुढारी, पांढराशुभ्र झगा आणि आवाज असा की कबुतरं उडावीत.

"बा सालेम! इकडे ये! राखणदार ना तू? मग गाडी गेली कुठं?"

म्हातारा बा सालेम पुढे आला. त्याच्या अंगावर नेहमीचं पिवळं जाकीट होतं. सोळा वर्षं तो या गल्लीत तेच घालून बसत होता. पोरांचे हरवलेले चेंडू तोच जपून ठेवायचा.

"मला दिसलं नाही हाजी," तो एवढंच म्हणाला.

"दिसलं नाही! झोपला असशील! काढ ते जाकीट. आज तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजापर्यंत गाडी सापडली नाही, तर उद्यापासून दुसरा माणूस!"

"हाजी," आई मध्ये पडली, "सुतळी माझ्या भावानं बांधली. बा सालेमनं नाही."

मामा एकदम आकाशातली कबुतरं मोजू लागला. हाजींनी काही ऐकलंच नाही. त्यांनी जाकीट बा सालेमच्या हातून ओढलं आणि मागे वळून न बघता स्वतःच्या बोळात भिरकावलं. त्यांचा मेंढा त्यावर लगेच उभाही राहिला. हे सगळ्यांना दिसलं, पण कुणी अवाक्षर काढलं नाही. रीमला मेंढ्याच्या वासानंही कधी आली नव्हती इतकी किळस आली.

आई पिशवी खांद्याला लावून पायीच निघाली. उन्हात, पाच घरं फिरायला!

"आपण शोधायची," रीम म्हणाली.

"कुठं?" हाजींचा नातू नौफल पायानं माती उकरत म्हणाला. तो रीमच्याच वर्गातला. त्यानं आजोबांच्या दाराकडे एकदा बघितलं. मग हळूच म्हणाला, "बा सालेम झोपला नव्हता."

"तुला काय माहीत?"

"तो आमच्याकडे होता. सकाळी तासभर. आजोबांनीच बोलावलं त्याला, मेंढ्याला आंघोळ घालायला. साबण लावून! शेपटीखालीसुद्धा!"

"ईऽऽ!" अनीर किंचाळला.

"मग तो बोलला का नाही?" रीम संतापली. "आणि तू रे? तुझी वाचा बसली होती का?"

"आजोबा आहेत ते माझे!" नौफलचे कान लाल झाले. "तू बोलली असतीस?"

 खरं तर रीम बोलली असती. पण नौफलचा चेहरा बघून तिनं ते तिथंच सोडलं.

तेवढ्यात मामा गवताचा भारा घेऊन आला आणि मेंढ्यापुढे टाकला. मेंढ्यानं हुंगलं. नाक फेंदारलं. फॉऽर्रकन शिंकला आणि चक्क पाठ फिरवून उभा राहिला.

"अरे बापरे, आजारी पडला!" मामा घाबरला. गाडी गेली तेव्हा तो इतका घाबरला नव्हता. "ईद चार दिवसांवर आणि हा खात नाही!"

"आमच्यानंही तोंड लावलं नाही," नौफल म्हणाला. "सकाळचं गवत अजून तसंच पडलंय."

रीमनं मूठभर गवत उचललं आणि नाकाशी नेलं. मग ती ताठ उभी राहिली.

"मामा, हे कुठून आणलं?"

"कोपऱ्यावरून. हाजींच्या गॅरेजात तो गवतवाला बसलाय ना, ईदेपुरता. का?"

"काही नाही," रीम म्हणाली आणि दोघांना ओढत बाहेर आली. "हुंगा! काय वास येतोय?"

"पेट्रोल!" दोघं एकदम म्हणाले.

"गवताला पेट्रोलचा वास कशानं येईल? ठिबकणाऱ्या कॉकची गाडी गवतात लपवली तर!"

गॅरेज गल्लीच्या तोंडाशीच होतं. पुढे कोळशाची पोती, कांदे, सुऱ्या आणि मागे छतापर्यंत गवत. गवतवाला स्टुलावर बसून बिया सोलून टरफलं थुंकत होता. सगळ्या फरशीवर ओली टरफलं चिकटली होती. शी!

"काय पाहिजे?"

"गवत," अनीर साळसूदपणे म्हणाला. "पण आमचा मेंढा फार चिकित्सक आहे हो! हे पुढचं नको. ते मागचं दाखवा!"

"मागचं विकायचं नाही."

"मग ठेवलंय कशाला? झोपायला?"

"ए पोरा, मागे हो!" गवतवाला असा खेकसला की एक टरफल अनीरच्या गालावर येऊन बसलं. पण तेवढ्या वेळात रीमनं खाली बघून घेतलं होतं. ढिगाखालून एक काळसर ओघळ फरशीवर आला होता. आणि दाराशी त्याची तीनचाकी उभी होती, मागचा हौदा अर्धा रिकामा करून.

"असर झाली की मी निघालो," पोरं वळताच तो कुणाला तरी फोनवर सांगू लागला. "गल्ली सगळी नमाजाला असते. हो, तीन आहेत. वरून गवत टाकतो, कोण बघतंय!"

तिघं धापा टाकत हाजींकडे गेले. हाजी पुदिन्याचा चहा पीत होते.

"आजोबा, तो गवतवाला चोर आहे! गाडी त्याच्या ढिगात आहे!"

"काय बरळतोस? गॅरेज मी दिलंय त्याला. सभ्य माणूस आहे."

"त्याचं नाव काय?" रीमनं विचारलं.

हाजींचा पेला ओठाशी थांबला. "नाव... काहीतरी आहे. मला काय करायचंय त्याच्या नावाशी? ईदेपर्यंत आपल्या मेंढ्याला गवत फुकट देतो, आणखी काय पाहिजे? आणि मुलांनी मोठ्यांच्या कारभारात नाक खुपसू नये!"

"नाक खुपसलं म्हणूनच तर कळलं!" अनीर म्हणाला. पण दार बंद झालं होतं.

मामा? मामा मेंढ्याच्या कपाळाला ओलं फडकं लावून बसला होता. "गप रे, त्याला त्रास होतोय! असर झाली की बघू."

"असर झाली की तो पळेल, मामा!"

"उद्या बघू!"

रीम पाय आपटत बाहेर आली. एकाला फुकटचं गवत हवं, एकाला मेंढ्याच्या डोक्याची काळजी. आणि तिकडे गल्लीच्या तोंडाशी बा सालेम जाकिटाशिवाय बसून होता. सदऱ्याची गुंडी नव्हती, म्हणून छातीवर हात धरून. त्यानं स्टूल मात्र सोडलं नव्हतं.

असरची अजान झाली. मामा हात धुवायला आत गेला. कोपऱ्यावर तीनचाकीच्या हौद्यावर ताडपत्रीची फडफड ऐकू आली.

"साखळी!" रीम एकदम म्हणाली. "आईची साखळी कुठाय?"

"मेंढ्याच्या गळ्यात."

"काढ! किल्ली त्या खिळ्याला आहे!"

"आणि मेंढा?"

"मेंढ्याला भाकरी दाखव आणि पळ. अनीर, जीव खाऊन पळ! सरळ गॅरेजात!"

कुलूप उघडलं. साखळी लेंड्यांनी बरबटलेली होती. रीमनं डोळे मिटून ती दोन्ही हातांनी उचलली आणि सुटली! मागून अनीर, हातात गरम गोल भाकरी. त्याच्या मागे शिंगं पुढे करून मेंढा! आणि सगळ्यात मागे नौफल, घसा फाटेपर्यंत ओरडत:

"मेंढा सुटला! इद्रीसमामांचा मेंढा सुटलाऽऽ!"

झालं! दारं धडाधड उघडली. नमाजाआधीचं हातपाय धुणं, वजू, अर्धवट टाकून, बाह्या वर, पाय ओले, सगळी गल्ली धावली. जे सकाळी बा सालेमसाठी एक शब्द बोलले नव्हते, ते मेंढ्यासाठी अनवाणी पळत होते!

गवतवाला तीनचाकी सुरू करतच होता. रीम खाली वाकली, साखळी मागच्या चाकातून ओवली, गॅरेजच्या लोखंडी जाळीभोवती फिरवली. खट्! तीनचाकी दोन हात पुढे गेली आणि तिला असा हिसका बसला की गवतवाला हँडलवर आपटला.

"कोणाचं कार्टं आहे हे?"

"बतूलबाईचं!" रीम ओरडली. "अनीर, टाक!"

अनीरनं भाकरी हौद्यात भिरकावली. मेंढा थेट ताडपत्रीवर! त्यानं दोन ढुशा दिल्या, चार लाथा झाडल्या आणि गवत सगळीकडे उडालं. आतून एक आरसा वर आला. मग हँडल. मग आईनं औषधांसाठी मागे बांधलेली निळी क्रेट!

"या खुदा!" मामा जागच्या जागी थिजला. "ही तर आपलीच गाडी!"

गवतवाला उडी मारून पळाला. पण गल्लीच्या तोंडाशी बा सालेम दोन्ही हात पसरून उभा होता. जाकीट नव्हतं, पण शिट्टी खिशात होती. त्यानं ती अशी फुंकली की पलीकडच्या चौकातले दोन शिपाई धावत आले. गवतवाला वळला तर समोर अख्खी गल्ली. बसला मग खाली, आपल्याच टरफलांत!

हौद्यात तीन गाड्या निघाल्या. एक शेजारच्या गल्लीतली, तर एक आणखी कुणाची.

"शाबास पोरांनो, शाबास!" हाजी तहामी गर्दीतून पुढे आले आणि त्यांनी रीमच्या डोक्यावर हात ठेवला. "आमच्या गल्लीची पोरं! मला आधीच संशय होता त्याचा."

रीम डोकं खाली घेऊन हाताखालून निसटली. ती काही बोलणार, तेवढ्यात नौफल पुढे झाला. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते, पण आवाज मोठा होता.

"आजोबा, तुम्हीच त्याला गॅरेज दिलंत. फुकट गवतासाठी. आणि सकाळी बा सालेम झोपला नव्हता. तो आपल्या मेंढ्याला आंघोळ घालत होता. तुम्हीच बोलावलं होतंत!"

 एकट्या मेंढ्याचं भाकरी चावणं ऐकू येत होतं.

हाजी घरी गेले आणि जाकीट घेऊन आले. पिवळं ते आता फक्त गळ्यापाशी उरलं होतं. बाकी सगळं हिरवट, ओलं. त्यांनी ते दोन बोटांत धरून पुढे केलं. "घे बा सालेम. झालं गेलं विसर."

बा सालेमनं हात पुढे केला नाही.

"धुवून द्या, हाजी," तो शांतपणे म्हणाला. "मग घालतो."

"हो हो, सूनबाईला सांगतो..."

"सूनबाईनं नाही फेकलं."

तेवढ्यात आई आली. घामानं डबडबलेली, पाच घरं पायी करून. गाडी बघून ती मटकन पायरीवरच बसली. तिनं दोन्ही पोरांना जवळ घेतलं आणि लगेच दूर ढकललं. "शी! कसले वास येतायत तुम्हाला! माझी गुणाची पोरं ती! नौफल, तूही जेवायला ये रे." मग मामाकडे वळली. "साखळी गाडीला. गाडी बोळात. आणि तू ईदेपर्यंत मेंढ्यापाशी बाहेर बसायचं, सुतळी हातात धरून!"

"अगं पण ताई, वास..."

"उद्या बघू वासाचं!"

सगळी गल्ली हसली. संध्याकाळी रीम, अनीर आणि नौफल गल्लीतल्या नळापाशी कठड्यावर बसले होते. समोर हाजी तहामी बाह्या वर करून उकिडवे बसले होते आणि मेंढ्याच्याच साबणानं जाकीट घासत होते. बा सालेम आपल्या स्टुलावर होता, छातीवर हात धरून. हाजींनी जाकीट पिळलं, वर धरलं आणि त्याच्याकडे बघितलं.

बा सालेमनं ते नाकाशी नेलं.

"अजून येतोय," तो म्हणाला आणि परत दिलं.

हाजींनी मान खाली घातली आणि पुन्हा साबण लावला.