हिमनदीची वीत

प्राध्यापक फावार्जे यांनी नऊ वर्षांपूर्वी तांबड्या रंगाने खूण केलेली एक प्रचंड शिळा पुन्हा शोधावी आणि हिमनदी वाहते की स्थिर असते, या विद्वानांच्या वादाचा एकदाचा निकाल लावावा, या हेतूने १८४१च्या ऑगस्टात आम्ही तिघे बर्फावर चढलो: प्राध्यापक, वाटाड्या थेओडुल आणि या खोऱ्याचा धर्मगुरू असलेला मी.

थेओडुलाची ओढ निराळी होती. अकरा वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ बाल्टसार वरच्या टप्प्यावरील भेगेत कोसळला होता. पापक्षालनासाठी मृतात्मे हिमात वास करतात, अशी आमच्या लोकांची श्रद्धा. म्हणून दर उन्हाळ्यात थेओडुल त्या भेगेच्या काठी गुडघे टेकून भावाला हाक मारी. भेग दरवर्षी तिथेच असे, तशीच निळी आणि तितकीच मूक.

याही वेळी त्याने हाक मारली. मग आम्ही शिळा पाहू लागलो. ती भेगेलगतच असायला हवी होती, पण नव्हती!

"दगडाला पाय फुटले वाटतं, साहेब! की खूण करताना वाइन जास्त झाली होती?"

"खूण मी केली, थेओडुल. वाइन तू प्यायलास."

शिळा सापडली ती नऊशे पावले खाली! तांबडी खूण पाहून प्राध्यापकांनी टोपी उडवली. थेओडुल मात्र पांढराफटक पडला.

"मग ती भेग कशी तिथंच राहिली?"

"खाली खडकाची पायरी आहे. तिच्यावरून उतरताना बर्फ दरवर्षी तिथंच फाटतो. जागा तीच, बर्फ मात्र नवा."

"म्हणजे अकरा वर्षं मी भलत्याच बर्फाला हाका मारत होतो?"

प्राध्यापकांनी बोटांवर मोजले. वर्षाला शंभर पावले, या हिशेबाने बाल्टसार शिळेच्याही पुढे दोनशे पावलांवर असणार! कमरांना बांधलेल्या दोराने आम्हा दोघांनाही ओढत थेओडुल धावतच तिथे गेला आणि कुऱ्हाडीने बर्फ फोडू लागला.

"अरे, तो फार खोल आहे!" प्राध्यापक ओरडले.

"असू दे खोल! भाऊ आहे माझा!"

आभाळ काळवंडले. गारा कोसळू लागल्या. पायाखालचा बर्फ कडाडला. फाटला! थेओडुल दिसेनासा झाला! दोराला जबर हिसका बसला आणि आम्ही दोघे पालथे पडलो. प्राध्यापकांची मोजमापाच्या यंत्राची पेटी घसरत भेगेकडे निघाली. हात लांबवला असता तर ती वाचली असती. त्यांनी दोर सोडला नाही. आम्ही ओढले. पुन्हा ओढले. अखेर रक्ताळलेली बोटे काठावर दिसली!

"पुरे आता," वर येताच तो म्हणाला. कुऱ्हाड खालीच राहिली होती.

जिथे हिमनदी संपते आणि तिच्या मुखातून गढूळ पाणी उसळत बाहेर पडते, तिथे सायंकाळी आम्ही राईची भाकरी आणि चीज खात बसलो. थेओडुलाने घास घेतला नाही.

"साहेब, दिवसाला किती चालतो हो तो?"

"वीतभर."

"आणि इथवर यायला?"

"चाळीस वर्षं," प्राध्यापक हळूच म्हणाले. थेओडुलाने तेव्हा पन्नाशी ओलांडली होती.

त्याने बोटे ताणून वीत केली आणि तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

"पहिल्यापासून रेंगाळतच यायचा. आईचं सूप रोज गार व्हायचं." मग तो माझ्याकडे वळला. "फादर, मी काही तोवर नसेन. दफनभूमीतली माझ्या शेजारची जागा मात्र कुणाला देऊ नका."