पाठीवरचा बो

"याच्या बाह्या काढायच्या राहिल्यात का हो?"

काउंटरवरच्या चित्राकडे बघत चंद्रप्रकाशने विचारलं, आणि सुलक्षणाला हसू आवरेना.

"नाहीच आहेत बाह्या. पार्टीचा गाऊन आहे तो... पन्नास-बावन्न सालातला. परदेशी डिझायनरचं स्केच."

"खांदेपण नाहीत. मग कापड कमीच लागणार."

"अकरा मीटर."

त्याच्या हातातली मीटरपट्टी खाली पडली.

घाटकोपरचं ते दुकान त्याच्या मामांचं. तो मुलुंडच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. मामा गावी गेले म्हणून त्या रविवारी दुकानात बसलेला. सुलक्षणा ड्रेस डिझायनिंग शिकत होती. प्रदर्शनासाठी मॅडमनी प्रत्येकीला एकेक जुनं स्केच दिलं होतं. ते हुबेहूब शिवायचं. तिच्या वाट्याला आलेल्या चित्रात उघडे खांदे, मुठीत मावेल अशी कंबर, खाली घेरच घेर... आणि पाठीवर भलामोठा बो, टोकं पार जमिनीपर्यंत सोडलेली.

त्याने साटीन उलगडलं.

"हे नको, अंगाला चिकटतं. फुलायला हवं."

"मग टॅफेटा मागवून ठेवतो. पुढच्या रविवारी या ना."

पुढच्या रविवारी मामा परतले होते, तरी काउंटरवर तोच होता. रंग नीट दिसावा म्हणून दोघं एकेक टोक धरून दारात आली. करडा-निळा टॅफेटा उन्हात चमकला, सळसळला. तो मात्र कापडाकडे बघत नव्हता. तिने नजर खाली वळवली... पण टोक सोडलं नाही.

घरी बेतायला बसली तेव्हा कळलं – कापड कमी भरतंय! वाट लागली. शनिवारी प्रदर्शन. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती तणतणत दुकानात गेली. चंद्रप्रकाश कारखान्यातून सुटून मामांच्या मदतीला आला होता. तागा संपला होता.

"अहो, मोजलंत तरी कसं?"

"मोजत होतो नीट. मध्येच तुम्ही केस बांधायला घेतलेत, आणि..."

"आणि काय?"

"आकडा विसरलो."

तिला रागावायचं होतं, पण कानाच्या पाळ्याच गरम झाल्या.

त्याने कामावरून सुटून दादरपर्यंतची दुकानं पालथी घातली. तो रंग कुठेच मिळेना. शेवटी तिनेच ठरवलं – बो नाही करायचा.

शनिवारी मॅडम गाऊनभोवती फिरून मागे थांबल्या.

"बो कुठाय?"

"कापड पुरलं नाही, मॅडम."

"मार्क जातील." मग पाठीच्या शिवणीवरून बोट फिरवत त्या पुटपुटल्या, "पाठ मात्र सुरेख बसलीय."

चंद्रप्रकाश दाराशी उभा होता. ती बाहेर आली.

"माझ्यामुळे तुमचे मार्क गेले."

"गेलेच."

"रागावलात?"

"आता तरी 'तू' म्हण ना रे."

तो काही बोलणार, तोच प्रदर्शन बघायला आलेले तिचे बाबा मागून आले. गिरणी बंद पडल्यापासून मोजकंच बोलणारे.

"ह्यो कोण गो?"

"बाबा, हा चंद्रप्रकाश. कापड यानेच दिलं... कमी दिलं." तिने श्वास घेतला. "आणि मला आवडतो."

चंद्रप्रकाशने चटकन हात जोडले. बाबांनी त्याला डोक्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं.

"मगे हयसर उभो कशाक? घराक घेवन ये त्येका. चाय घेवंदे."