टाकी संपायचं विसरली

"नेमसिंग, साऱ्या दिग्रसात कोणी मानणार नाही," रहमत मिस्त्री खाटेवर मांडी ठोकत म्हणाले, "पण हा नळ लावला अन् टाकी संपायचंच विसरली!"

त्यांच्या बायकोनं, रशीदानं, कपाळावर हात मारला. यंदा कापूसच नाही, म्हणून जिनिंग बंद. मिस्त्रींचे हात रिकामे, तोंड तेवढं चालू. मोहल्ल्यात पाणी आठवड्यातून एकदा. ते संपलं की हंडा घेऊन मथुराबाईच्या विहिरीवर जायचं आणि तिचे टोमणे झेलायचे. म्हणून पोरानं, आसिमनं, नागपूरहून हा नळ पाठवला होता. खाली हात धरला की सुरू, काढला की बंद.

"भाभी, वाचते का पाणी खरंच?" नेमसिंगनं समोरचा पाण्याचा गिलास उचलला.

"कायचं वाचते! दुपारी कोणी नसताना सुरू होते. यायले म्हटलं काढून टाका, तर म्हणतात माशी बसली असन."

"माशीच ते!"

"नळाच्या डोळ्यावर चिकटपट्टी लावली, तरी माशी? सेल काढून ठेवले, तरी माशी?"

मिस्त्री खाकरले.

पुढचं रशीदा बोलली नाही. पाणी कसं येतं, ते तिनं दाराआडून ऐकलं होतं. जरा जरा, तीनदा. थांबून परत तीनदा. हात, चूळ, नाक, तोंड, कोपर. नमाजाआधीचा वजू एका लोट्यात उरकणारी सासू गेल्या उन्हाळ्यात वारली होती.

"मागच्या खेपी मोहल्ल्यात पाणी आलं, त्या दिवशी मी टाकी घासली," मिस्त्री रंगात आले. "शिळं पाणी ओतून देल्लं, नवं काठोकाठ भरलं. आज वर चढून पाह्यलं, बोटभर कमी नाही!"

"पाणी थंड आहे पण, मिस्त्री. माठातलं काय?"

"नळातलं."

आत नळ सुरू झाला. थांबला.

परत सुरू झाला.

"झूट," रशीदा म्हणाली.

"काय झूट?"

"वर मी गेलती आज. शिळं पाणी ओतलं तुम्ही, अन् टाकीत पाणी घ्यायचा कॉक उघडायचा विसरले. मोहल्ल्याचं पाणी आलं, गेलं. टाकीत बुडापर्यंत कोळ्याचं जाळं आहे."

नेमसिंगचा अर्धा गिलास ओठांशीच राहिला.