डोळा बाजूला

दुपारचा चहा गार व्हायच्या आत ताईला एकच काम उरकायचं होतं. खोदकामवाल्यांनी इंटरनेटची मुख्य केबल तोडली होती आणि तिच्यावरची सगळी वाहतूक दुसऱ्या वाटेनं वळवायची होती. तसं हे काम स्विच, म्हणजे खोलीतलं जोडणीचं यंत्र, स्वतःच करतो. तारेतून संदेश नेणारा उजेड सोडण्याआधी तो वाटेवरच्या प्रत्येक टप्प्याला विचारतो, वाट मोकळी आहे का. सगळीकडून होकार आला की काचेच्या तारा आपसूक जोडल्या जातात. पडद्यावर होकार आलाही, पण कुठल्या लाइनीवरून आला ते पाहून ताईचा हात जागीच थांबला.

त्या लाइनीवर तिचा धाकटा भाऊ गेला होता. तारा जोडायचा, म्हणून सगळे त्याला जोड्याच म्हणत. रस्त्याकडेच्या खड्ड्यात बसून, तारेच्या टोकाला भिंग लावून तो बघत होता आणि इथून उजेड सोडला गेला. हा उजेड दिसत नाही, नुसता डोळा जाळतो. जोड्या धडपडत वर आला, आणि जळलेल्या डोळ्याच्या बाजूनंच ट्रक आला. लाइन तशीच तुटकी राहिली. खड्डा सिमेंट ओतून बुजवून टाकला.

खरा संताप पुढेच आहे. या कामाची एक रीत होती. उजेड सोडण्याआधी कामाच्या फोनवर विचारायचं, "डोळा बाजूला?" पलीकडून "बाजूला" असं उत्तर आलं, तरच सोडायचा. त्या दिवशी स्विचवर मोठे साहेब होते. चौकशीत त्यांनी बेधडक सांगितलं, मी विचारलं होतं, तोच हो म्हणाला. मेलेला माणूस काय बोलणार? खापर जोड्याच्या डोक्यावर फुटलं आणि साहेबांना बढती मिळाली. आता आईसुद्धा अधूनमधून म्हणते, पोरानं जरा लक्ष द्यायला हवं होतं. ते ऐकलं की ताईच्या तळपायाची आग मस्तकात जाते. भावावरचा हा डाग पुसला जावा, एवढंच तिला हवं होतं.

आताही साहेब खोलीत आले ते वैतागूनच. पडदा होकार देतोय आणि उजेड मोजायचं मीटर अंधार दाखवतंय, हे काय चाललंय, म्हणाले. धूळ बसली असेल, असं पुटपुटत त्यांनी त्या लाइनीचं टोक उपसलं, एक डोळा गच्च मिटला आणि दुसऱ्याला भिंग लावलं.

तेवढ्यात कामाचा फोन वाजला. त्याच लाइनीचा. त्याची तार तर सिमेंटात गाडलेली. ताईनं उचलला तसा ओल्या मातीचा वास आला.

"ताई... मला कुणी विचारलंच नव्हतं गं."

तिला रडू फुटलं नाही. तिला फक्त राग आला.

"उजेड सोडतोय... डोळा बाजूला?"

ती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. साहेबांनी तरी तेव्हा कुठे तोंड उघडलं होतं? तरीही दातओठ खात ती म्हणाली, "साहेब, डोळा बाजूला घ्या. पलीकडून विचारतायत."

"पलीकडे आहे कोण? मीटर बघा की. लाइन मेलीय."

"मग तुम्हीच सांगा त्याला." तिनं फोन त्यांच्या कानाला लावला.

साहेबांनी भिंग तसूभरही हलवलं नाही. कटकट मिटावी म्हणून, पलीकडचं काही ऐकायच्या आतच सांगून टाकलं, "हो, हो. बाजूला."

मीटर हललं नाही. आवाज नाही, चमक नाही. साहेब भिंग धरून तसेच उभे राहिले.

"दिवे कुणी घालवले?" त्यांनी विचारलं.

खोलीतले सगळे दिवे लख्ख चालू होते. ताईनं फोन हळूच परत आपल्या कानाशी नेला. साहेब आता मिटलेला डोळा उघडू लागले होते.

"ताई... दुसरा बाजूला आहे का?"