सादळलेला ब्रेक

आजोबांच्या मोटारीचा ब्रेक सकाळी घाटात मेला आणि आम्ही चहा पिऊन येईपर्यंत पुन्हा जिवंत झाला. खोटं वाटेल, पण मी गाडीतच होते.

आजोबा मोटार तपासायला आंबोली घाटात थोडं खाली घेऊन गेले होते. उतारावर ब्रेक दाबून दाबून चाकं तापली आणि एका वळणावर पेडल मऊ होऊन थेट तळाला टेकलं. माझी पाचावर धारण बसली. आजोबांनी खालचा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या अंगाला उभी केली. आम्ही टपरीवर चहा प्यायलो, परत येऊन पेडल दाबलं, तर ते पहिल्यासारखं घट्ट!

"झाला की बरा! चला ना आता वेंगुर्ल्याला," मी म्हणाले.

"आपोआप बरा झालेला ब्रेक आपोआप बिघडतोसुद्धा, शाल्मली," आजोबा म्हणाले आणि त्यांनी गाडी चढावरून सावकाश घरी आणली.

मला धीर कुठला? माझी आई वर्षभर चंद्रावरच्या तळावर काम करून परतली होती. वेंगुर्ल्याच्या यानतळावरची तिची तपासणी संपून चार वाजता ती फाटकाबाहेर येणार होती. आणि नेमका घाटातला संदेश-मनोरा बंद पडला! चालकाविना चालणाऱ्या सगळ्या गाड्या त्याच्या इशाऱ्यावर चालायच्या, त्या जागच्या जागी थांबल्या. फोन तेवढे चालू होते. हाताने चालवायची गाडी गावात एकच होती, आमची. आई बाहेर येईल आणि तिथे कुणीच नसेल, एवढंच माझ्या डोक्यात घुमत होतं. मी अंगणात येरझाऱ्या घालत होते. माझ्या पायाला भिंगरी आहे असं सगळे म्हणतात, त्या दिवशी दोन्ही पायांना होती.

"येरझाऱ्यांनी ब्रेक लागत नाही. इकडे ये," आजोबा म्हणाले. ते आयुष्यभर विमानांच्या ब्रेकवर संशोधन करत होते, त्यामुळे घाईच्या वेळीही आधी प्रश्न विचारतात. "तुझ्या पायाचा जोर चाकापर्यंत कोण नेतं?"

"तार?"

"नाही. ब्रेक ऑईल. नळ्यांमधून धावणारा पातळ पदार्थ."

त्यांनी आमच्या यंत्रमानवाला, चिमट्याला, सुई नसलेली सिरिंज आणायला सांगितली. तिच्यात पाणी भरून मी पुढचं तोंड अंगठ्याने बंद केलं आणि दट्ट्या दाबला. तसूभरही हलला नाही. मग आत थोडी हवा घेतली. आता दट्ट्या मऊ मऊ आत गेला.

"म्हणजे पाणी दबत नाही आणि हवा दबते! नळीत हवा असली, तर माझा जोर हवा दाबण्यातच संपणार."

"शाबास. पण हवा असती, तर पेडल सकाळी निघतानाही मऊ लागलं असतं. ते तापल्यावरच का मऊ झालं?"

मला चिडायलाच झालं. घड्याळ पळत होतं आणि यांची कोडी संपत नव्हती! तेवढ्यात चिमट्याने ब्रेक ऑईलच्या टाकीत आपलं मोजणीचं बोट बुडवलं. "पाणी चार टक्के," तो म्हणाला.

"ऑईलमध्ये पाणी? तापल्यावर ते उकळलं असेल!" मी ओरडले. "त्याची वाफ झाली. वाफ हवेसारखी दबते. आणि आपण चहा पीत होतो तेव्हा गार होऊन तिचं परत पाणी झालं!"

आजोबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "ब्रेक ऑईल आर्द्रताशोषक (हवेतला ओलावा ओढून घेणारं) असतं. म्हणून ते दर दोनेक वर्षांनी बदलायचं. पण मी तर गेल्याच वर्षी बदललंय. इतकं पाणी आलं कुठून?"

मी गाडीच्या सामानाच्या फळीकडे पाहिलं. आंबोलीत पापड, मीठ, काडेपेटी, सगळं सादळतं. चिवड्याच्या डब्याचं झाकण जरा उघडं राहिलं, तर आजोबा घर डोक्यावर घेतात. आणि फळीवर ब्रेक ऑईलचा जुना अर्धा डबा होता, तोंडाला नुसती चिंधी कोंबलेली. शेजारी सीलबंद नवा डबा. जुना संपल्याशिवाय नवा फोडायचा नाही, हा आमच्या घरचा कायदा.

"आजोबा, गेल्या वर्षी यातलंच भरलंत?"

आजोबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "टाकवेना गो," ते पुटपुटले.

"म्हणजे तुम्ही सादळलेलं ऑईल काढून सादळलेलंच भरलंत!" मला इतकं हसू आलं की क्षणभर घाईसुद्धा विसरले.

मग काम सुरू झालं. गाडी सपाट जागी होती. चिमट्याने ती उचलून गाडी पेलणाऱ्या भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवली आणि चाकं काढली. आजोबांनी हातमोजे आणि नेहमीच्या चष्म्यावर संरक्षक चष्मा चढवला, कारण हे ऑईल विषारी असतं आणि रंगही खातं. टाकीतलं जुनं ऑईल उपसून त्यांनी नवं भरलं. सुरुवात टाकीपासून सगळ्यांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून. तिथल्या निप्पलला (ऑईल बाहेर सोडणाऱ्या छोट्या तोटीला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडवलं.

"तू पेडलवर. मी 'दाब' म्हटलं की दाबायचं, 'धर' म्हटलं की धरून ठेवायचं. निप्पल उघडलं की पेडल खाली जाईल, तरी पाय उचलायचा नाही. मी ते बंद करून 'सोड' म्हणेन, तेव्हाच सोडायचं."

"दाब... धर... सोड." नळीतून काळपट ऑईल आलं. "दाब... धर..." चिमटा टाकी रिकामी होऊ देत नव्हता, नाहीतर वरून हवा शिरते.

तेवढ्यात फोन वाजला. आईचा निरोप! मी वळले आणि पाय उचलला गेला.

"अगो, धर म्हटलं ना!" निप्पल उघडंच होतं. पेडल वर येताना त्याच्या सैल आट्यांमधून सुर्रकन हवा आत ओढली गेली. मला रडूच फुटलं. आता हे चाक पुन्हा पहिल्यापासून, आणि घाई माझीच होती!

आजोबा रागावले नाहीत. "झाकण मी उघडं ठेवलं, पाय तू उचललास. फिटंफाट. चल."

मी निरोप न वाचताच फोन चिमट्याकडे दिला. आणि पाय धरला. पोटरीला गोळे आले, नाक खाजलं, तरी धरला. बुडबुडे आले, कमी झाले, थांबले. मधासारखं स्वच्छ ऑईल वाहू लागलं. चारही चाकं झाली. पेडल दगडासारखं घट्ट लागलं. चाकं बसवून आजोबांनी आधी अंगणात, मग सपाट रस्त्यावर गाडी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिली, आणि जुना डबा बाद तेलाच्या पिंपाकडे पाठवला.

घाटात ब्रेक एकदाही मऊ पडला नाही. चंद्रावरच्या गाड्यांना ऊन आणि गारठा दोन्ही भयंकर, तिथे कुठलं ऑईल चालेल, याचा मी वाटभर विचार केला. कुणीतरी ते शोधायला हवं. मीच का नाही?

यानतळावर पोहोचलो तेव्हा चार वाजत आले होते. काचेपलीकडे आई दिसली, वाळलेली, हसणारी. फाटकापुढे पिवळी रेघ होती आणि फाटक उघडेपर्यंत ती ओलांडायची नव्हती. मी रेघेला अंगठे टेकवून उभी राहिले. आजोबांचा हात माझ्या खांद्यावर आला.

"धर," ते हळूच म्हणाले. "धर... धर..."

फाटक उघडलं.

"सोड!"