बर्फाच्या पाण्याला उशीर

मशीनमधला बर्फ संपत आला होता आणि बादल्या होत्या दोन. एक माझी... एक त्याची.

“आधी मी आलेय,” मी म्हणाले.

“मान्य. पण वाटून घेतला तर दोघांना पुरेल,” तो हसला. “तू कुठली?”

“लिव्हर. समोरची लॅब.”

“मी किडनी. म्हणजे शेजारीच की आपण!”

तिथून आमचं जमलं. कामही सारखंच. पेशींच्या आवरणात प्रथिनांची दारं असतात. रक्तातले ऋणभार असलेले रेणू, कितीतरी औषधंसुद्धा, या दारांतूनच आत घेतले जातात. पुढे लिव्हर त्यांना पित्तात सोडतं, किडनी लघवीत. आम्ही पेशींवर चमकणारा हिरवा रंग ओतायचो आणि बरोबर एका मिनिटानं बर्फाचं पाणी. थंडीनं दारं थांबतात, मग आत किती रंग गेला ते मोजायचं. पाण्याला उशीर झाला की रंग जास्त शिरतो आणि सगळी मेहनत वाया. एकटीचे हात पुरत नाहीत, म्हणून तो घड्याळ बघून “टाक!” म्हणायचा आणि मी पाणी टाकायची.

आणि माझे आकडे वेड्यासारखे वर जायला लागले. रंग बदलला, पेशी बदलल्या... घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना! बरं, लॅबमधली सीनियर ताई सोबत असली की आकडे शहाण्यासारखे यायचे. तो आला की पुन्हा बिघडायचे. असं कसं?

शेवटी माझ्या गाईड मॅडमनी बजावलं, “आकडे आज संध्याकाळपर्यंत जुळले नाहीत, तर हा विषय बंद.”

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात तो बादली घेऊन आला.

“आज ताईला घे,” तो म्हणाला. “मी नको.”

“का? कंटाळलास?” विषय जाण्याचं वाईट वाटत होतं, की हा जाण्याचं... देव जाणे!

“नाही गं...” तो बर्फ ढवळत राहिला. “मिनिट कधी होतं, ते मला कळत नाही.”

“घड्याळ तर समोरच असतं!”

“असतं. पण मी तिकडे बघतच नाही — तुझ्याकडे बघतो.”

मला राग यायला हवा होता. आलाही. मग कान का तापले?

“मूर्खा! माझा विषय बुडायला आला... कधीपासून?”

“त्या बर्फापासून.”

पेशींच्या दोनच प्लेट्स उरल्या होत्या. “उलटं करू,” मी फणकारले. “घड्याळ मी बघते. तू पाणी टाक, आणि खबरदार मागे वळलास तर!”

तो माझ्याकडे पाठ करून टेबलापाशी उभा राहिला. त्यानं रंग ओतला. त्याच्या कानामागे चष्म्याच्या दांडीचा लालसर वळ होता. इतके दिवस कसा दिसला नाही मला?

“झालं का गं मिनिट?”

मी दचकून घड्याळ पाहिलं.

“केव्हाच,” मी पुटपुटले.

तो वळला. त्याच्या हातात पाणी तसंच होतं.

“म्हणजे... तूसुद्धा?”

“हो रे बाबा, मीसुद्धा!”

मग आम्ही दोघांनी एकदमच हाक मारली, “ताई!”

ताईनं त्याला दाराबाहेर काढलं आणि शेवटची प्लेट माझ्याबरोबर केली. आकडे जुळले. विषय वाचला. मी धावतच बाहेर आले. तो तिथेच उभा होता, रिकामी बादली घेऊन.

“मग आता बर्फ वेगवेगळा आणायचा?” त्यानं घाबरत विचारलं.

“बर्फ एकत्रच आणायचा,” मी म्हणाले. “फक्त मिनिटं मोजायची नाहीत.”